डीओ आला का?

अँटॉप हिलला लागूनच वडाळ्याचा ट्रक टर्मिनस. बंदरातून माल उचलायचा तर ट्रक हलण्याआधी डीओ हवा. डीओ म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर, जहाज कंपनीची ‘माल सोडा’ अशी चिठ्ठी. पूर्वी एजंटाचा माणूस तिच्यासाठी कंपनी, कस्टम्स, गोदी असे खेटे घालायचा आणि तीच माहिती प्रत्येक खिडकीवर नव्याने भरायचा.

यावर इंडियन पोर्ट्स असोसिएशनने २००७ मध्ये ‘पोर्ट कम्युनिटी सिस्टीम’ आणली. डिसेंबर २०१८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. बंदर, कस्टम्स, बँक, एजंट सारे एकाच यंत्रणेवर. माहिती एकदाच भरायची, ज्याला लागेल त्याने उचलायची.

माझ्या मते अशा सामायिक माहितीचा मोठा फायदा भर समुद्रात आहे. धक्का कधी रिकामा होणार हे कप्तानाला आधी कळले, तर तो बेताने येतो. इंधन साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात जळते. वेग दहा टक्के उतरवला की दर तासाचे पाव हिश्श्याहून थोडे जास्तच वाचते. एरवी धावतपळत यायचे आणि बाहेर नांगर टाकून ताटकळायचे!

सारे संगणकावर, म्हणजे धोकाही तिथेच. जून २०१७ च्या जागतिक सायबर हल्ल्यात न्हावाशेव्याच्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते.