न्याय्य व्यापार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जगातील बहुतांश कॉफी आणि कोको उष्ण कटिबंधातील लहान शेतकरी पिकवतात. मात्र या पिकांच्या भावाची दिशा न्यूयॉर्क आणि लंडन येथील वायदे बाजारांत, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे सौदे आजच करणाऱ्या बाजारांत, ठरते आणि तेथे या शेतकऱ्याचा आवाज पोहोचत नाही. ही विषमता कमी करण्यासाठी जी चळवळ उभी राहिली तिला ‘न्याय्य व्यापार’ किंवा ‘फेअर ट्रेड’ म्हणतात. १९८८ साली नेदरलँड्समध्ये मेक्सिकोतील वाहाका प्रांताच्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी ‘मॅक्स हॅवेलार’ या शिक्क्यासह बाजारात आली. जावा बेटावरील डच वसाहतीतील शोषण उघड करणाऱ्या १८६० सालच्या कादंबरीवरून हे नाव घेतलेले होते. निरनिराळ्या देशांतील अशा शिक्के देणाऱ्या संघटना १९९७ साली एका आंतरराष्ट्रीय संस्थेत एकत्र आल्या. या संस्थेच्या ‘फेअरट्रेड’ शिक्क्याविषयी, त्याच्या समर्थकांत आणि विरोधकांतही, काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज १ : न्याय्य व्यापार म्हणजे गरीब देशांना केलेला दानधर्म.

वस्तुस्थिती : १९६८ साली दिल्लीत भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेच्या दुसऱ्या अधिवेशनात विकसनशील देशांनी ‘मदत नव्हे, व्यापार’ ही भूमिका आग्रहाने मांडली होती आणि न्याय्य व्यापाराची चळवळ त्याच भूमिकेवर उभी आहे. शेतकरी माल देतो, खरेदीदार करार करतो आणि उत्पादक संस्थेने मागणी केल्यास कराराच्या रकमेपैकी ६० टक्क्यांपर्यंत उचल देण्याची तरतूद असते, जेणेकरून सुगीच्या तोंडावर शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये. हा दोन पक्षांमधील व्यवहार आहे. त्यात उपकाराचा भाग नाही.

गैरसमज २ : शेतकऱ्याला नेहमीच बाजारापेक्षा चढा भाव मिळतो.

वस्तुस्थिती : फेअरट्रेडचा किमान भाव महाराष्ट्रातील शेतकऱ्याला परिचित असलेल्या हमीभावासारखा आहे, फरक इतकाच, की तो सरकार नव्हे, तर शिक्का वापरणारा खरेदीदार पाळतो. बाजारभाव किमान भावापेक्षा वर गेला, तर बाजारभावच द्यावा लागतो. २००१ साली कॉफीचा जागतिक भाव एका पौंडाला, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅमला, ५० सेंटच्याही खाली घसरला होता, तेव्हा या तरतुदीने सदस्य शेतकऱ्यांच्या शिक्क्याखाली विकल्या गेलेल्या मालाला आधार दिला. याउलट २०२५ च्या प्रारंभी तोच भाव ४ डॉलरच्या वर गेला, तेव्हा किमान भावाची गरजच उरली नाही. शिवाय हा आधारही काळाबरोबर अपुरा पडतो. धुतलेल्या अरेबिका कॉफीचा किमान भाव २०११ पासून १.४० डॉलरवर थांबला होता आणि तो १.८० डॉलर होण्यास २०२३ साल उजाडले, जरी दरम्यानच्या काळात खत, मजुरी आणि घरखर्च वाढतच होता.

गैरसमज ३ : ग्राहकाने मोजलेली जादा किंमत थेट शेतकऱ्याच्या हातात पडते.

वस्तुस्थिती : दुकानातील किरकोळ किंमत दुकानदार ठरवतो आणि तिच्यावर शिक्क्याचे नियंत्रण नसते. कॉफीच्या बाबतीत किमान भावाखेरीज पौंडामागे २० सेंट अधिमूल्य, म्हणजे सामूहिक कामांसाठीची वेगळी रक्कम, दिली जाते. ती सहकारी संस्थेकडे जाते आणि शाळा, पाणी, गोदाम यांपैकी कशावर खर्च करायची हे सदस्यांची सभा ठरवते. प्रमाणित संस्थेचा सगळा माल या अटींवर विकला जातो असेही नाही, कारण पुरेसे खरेदीदार न मिळाल्यास उरलेला माल साध्या बाजारातच द्यावा लागतो.

गैरसमज ४ : शिक्का असला, की शेतात राबणाऱ्या प्रत्येकाला न्याय मिळतो.

वस्तुस्थिती : लहान शेतकऱ्याच्या शेतावर रोजाने काम करणारा भूमिहीन मजूर या व्यवस्थेतून सहज निसटतो. लंडन विद्यापीठातील ‘सोआस’ या संस्थेच्या संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडा येथे केलेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाहणी केलेल्या प्रमाणित क्षेत्रांतील मजुरांची स्थिती इतर क्षेत्रांतील मजुरांपेक्षा चांगली नसल्याचे, आणि मजुरी तर अनेकदा कमी असल्याचे आढळले. फेअरट्रेड संघटनेने या तुलनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. तरीही मजुरांचा प्रश्न दुर्लक्षून चालणार नाही, ही बाब या अभ्यासाने ठळक केली.

गैरसमज ५ : न्याय्य आणि सेंद्रिय हे एकच.

वस्तुस्थिती : सेंद्रिय प्रमाणपत्र शेतीच्या पद्धतीविषयी असते, तर न्याय्य व्यापाराचे प्रमाणपत्र प्रामुख्याने व्यवहाराच्या अटींविषयी; एका मालाला दोन्ही असू शकतात किंवा एकच. विदर्भातील काही कापूस उत्पादक ‘चेतना ऑरगॅनिक’सारख्या संस्थांमार्फत या दोन्ही व्यवस्थांशी जोडले गेले. मात्र सेंद्रिय नसलेल्या फेअरट्रेड शेतीतही जनुकीय बदल केलेले बियाणे चालत नाही, आणि बीटी कापसाने व्यापलेल्या प्रदेशात ही अट पाळणे कष्टाचे असते.

या सर्वांचा निष्कर्ष असा, की न्याय्य व्यापाराचा शिक्का मोजके, लेखी आणि तपासता येणारे वचन देतो; संपूर्ण न्यायाची हमी तो देत नाही. म्हणून ग्राहकाने शिक्क्याच्या मालाला पसंती जरूर द्यावी, परंतु उत्पादकाला भाव किती मिळाला आणि त्याच्या शेतातील मजुराला मजुरी किती मिळाली, हे दोन प्रश्न विचारणे कधीही सोडू नये.