जायफळाच्या बेटावरचं बिऱ्हाड

ग्रेनाडा हे नाव मराठी घरांत बहुधा वैद्यकीय प्रवेशाच्या गप्पांत निघतं. मुलाला किंवा मुलीला पुढे अमेरिकेत डॉक्टरकी करायची असेल, तर कॅरिबियन समुद्रातल्या या बेटावरचं सेंट जॉर्जेस विद्यापीठ हा एक मार्ग असतो. १९७६ साली ग्रेनाडाच्या संसदेने कायदा करून या विद्यापीठाला मान्यता दिली आणि जानेवारी १९७७ मध्ये पहिला वर्ग भरला. तेव्हापासून बेटाच्या दक्षिण टोकाचं रूपच पालटलं. शिकायला, शिकवायला, प्रयोगशाळा चालवायला तिथे जगभरातून माणसं येतात. त्यांच्यातली कित्येक सपत्नीक किंवा सपतीक येतात. नवऱ्याच्या अध्यापनाच्या नोकरीमुळे आम्हीही या बेटावर बिऱ्हाड थाटलं.

पर्यटनाच्या जाहिरातींत ग्राँड आन्सचा लांबलचक किनारा दिसतो आणि त्या किनाऱ्याच्या देखणेपणात काडीचीही अतिशयोक्ती नाही. पण संसार किनाऱ्यावर होत नाही. तो पाणी, वीज, किराणा, परवाने आणि शेजार यांच्यावर होतो. दिवाळी अंकाच्या वाचकांपैकी अनेकांची मुलं आज अशा दूरच्या ठिकाणी नोकऱ्या धरत आहेत, म्हणून या रोजच्या जगण्याविषयी सविस्तर लिहावंसं वाटलं.

लहान देश, लांबची वाट

ग्रेनाडा हे मुख्य बेट आणि त्याच्या उत्तरेची कॅरियाकू व पेटिट मार्टिनिक ही छोटी बेटं मिळून हा देश होतो. क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडं अधिक. लोकसंख्या मात्र सव्वा लाखाच्या आत. मुख्य बेट ज्वालामुखीतून वर आलेलं आहे. मधोमध दाट जंगलाचे डोंगर आहेत आणि जुन्या ज्वालामुखीच्या मुखात ग्राँड एतांग नावाचं तळं. नकाशावर हाताच्या अंतरावर दिसणाऱ्या गावाला पोहोचायला वळणावळणाच्या रस्त्याने तास लागतो. वाहनं आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात, एवढा एक दिलासा.

७ फेब्रुवारी १९७४ रोजी ग्रेनाडा ब्रिटनपासून स्वतंत्र झाला. १९७९ साली मॉरिस बिशप यांच्या नेतृत्वाखाली तिथे क्रांती झाली. पुढे त्यांच्याच पक्षात फूट पडली आणि १९ ऑक्टोबर १९८३ रोजी त्यांना व त्यांच्या काही सहकाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. सहाच दिवसांनी अमेरिकेचं सैन्य बेटावर उतरलं. त्यासाठी अमेरिकेने दिलेल्या कारणांत वैद्यकीय विद्यार्थ्यांची सुरक्षितता हेही एक कारण होतं. बिशप यांच्या काळात क्यूबाच्या मदतीने बांधायला घेतलेला विमानतळ २००९ पासून त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक ग्रेनाडियन माणसाने ते दिवस डोळ्यांनी पाहिलेले आहेत. नवख्याने या विषयावर मत देऊ नये. कुणी आपणहून बोलू लागलं तर मन लावून ऐकावं.

भारतातून तिथे थेट विमान नाही. लंडन, टोरांटो, न्यूयॉर्क किंवा मायामी असा वळसा घ्यावा लागतो आणि अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागतो. हा व्हिसा आधीच काढून ठेवणं फार महत्त्वाचं, कारण घरून वाईट बातमी आली की त्या क्षणी अर्ज करून काही साधत नाही. घड्याळातलं अंतर साडेनऊ तासांचं. पुण्यात नरकचतुर्दशीला पहाटे साडेपाचला अभ्यंगस्नान चाललेलं असतं, तेव्हा ग्रेनाडात आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. आम्ही रात्रीच्या जेवणाला बसतो आणि फोनवर आईच्या घरातला पहिला फटाका ऐकतो.

जहाज आलं की बाजार

इथलं चलन म्हणजे ईस्टर्न कॅरिबियन डॉलर. आठ छोटे देश-प्रदेश मिळून ते वापरतात आणि १९७६ पासून त्याचा दर एका अमेरिकी डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. त्यामुळे चलनाची चिंता नसते. चिंता असते ती महागाईची. गहू, तांदूळ, डाळी, तेल, लोणी, साबण, औषधं, गाडीचे सुटे भाग असं बहुतेक सगळं समुद्रावरून येतं. त्यावर जहाजाचं भाडं, सीमाशुल्क आणि १५ टक्के मूल्यवर्धित कर चढतो. जहाजाला उशीर झाला की दुकानातला एखादा कप्पा आठवडाभर रिकामा राहतो. ताजं दूध मुबलक नाही, म्हणून दुधाची भुकटी किंवा खोक्यातलं दूध वापरायचं. दही त्याचंच लावायचं, आणि ते छान लागतं.

सामान बांधताना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट: ग्रेनाडातली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे. घरचा मिक्सर तिथे चालतो, फक्त इंग्लंडसारखी चौकोनी तीन दांड्यांची पिन लागते. बार्बाडोस किंवा त्रिनिदादला जाणाऱ्यांनी मात्र मिक्सर नेऊ नये. तिथला दाब ११५ व्होल्टचा आहे.

बेटावरच्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाचं कुणी ना कुणी ब्रुकलिन, टोरांटो किंवा लंडनमध्ये असतं. ही मंडळी वर्षभर एका मोठ्या पिंपात तांदूळ, तेल, कपडे, शाळेचे बूट, खेळणी भरत राहतात आणि नाताळाच्या सुमाराला ते पिंप बोटीने घरी धाडतात. सरकार त्या दिवसांत अशा पिंपांवर शुल्काची सवलत देतं. बंदरावर पिंप सोडवायला लागलेली रांग पाहिली की या देशाचा अर्थव्यवहार पुस्तकाविना समजतो. परदेशी गेलेल्या लेकरांच्या कष्टांवर घरं उभी राहतात, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गाला सांगायला नको.

अळू, तूर आणि नीरफणस

आम्हा दोघांचं बेटावरचं जगणं खऱ्या अर्थाने सोपं झालं ते शनिवारच्या बाजारामुळे. राजधानी सेंट जॉर्जेसच्या बाजार चौकात शनिवारी सकाळी बेटभरच्या शेतकरी बायका माल घेऊन बसतात. पहिले काही महिने आम्ही आयात केलेली फुलकोबी आणि गोठवलेला वाटाणा विकत घेत होतो. मग एकदा नीट फिरून पाहिलं आणि लक्षात आलं की समोर आपलंच स्वयंपाकघर मांडलेलं आहे.

कलालू या नावाने तिथे मिळते ती अळूची पानं. त्याचं तिकडे नारळाच्या दुधातलं दाट सार करतात. आम्ही चिंच, गूळ, दाणे घालून फदफदं करतो. पिजन पीज म्हणजे तूर. नाताळाच्या आसपास हिरव्या ताज्या तुरीच्या शेंगा येतात आणि त्यांची सोलाण्यांची आमटी होते. सणासुदीचं लाल सॉरेल सरबत अंबाडीच्या लाल बोंडांचं असतं. गोल्डन ॲपल हा कोकणातल्या अंबाड्याचा भाऊबंद. त्याचं रायतं होतं. आणि ब्रेडफ्रूट म्हणजे नीरफणस. रवा लावून त्याचे काप तळले की कोकणातलं दुपारचं जेवण ताटात येतं.

नीरफणस तिथे मुळात आला गुलामांच्या पोटासाठी. ऊसमळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोटभर अन्न मिळावं म्हणून ब्रिटिशांनी ताहितीहून त्याची रोपं आणवली. कॅप्टन विल्यम ब्लाय यांनी १७९३ मध्ये ती सेंट व्हिन्सेंट आणि जमैकात पोहोचवली. आज ग्रेनाडाचा राष्ट्रीय पदार्थ असलेल्या ‘ऑइल डाउन’मध्ये नीरफणसच मुख्य असतो. मोठ्या पातेल्यात नीरफणस, कच्ची केळी, अळूची पानं, पिठाचे लांबट गोळे, हळद आणि खारवलेलं मांस थरांनी रचतात. त्यावर नारळाचं दूध ओततात आणि ते सगळं आटून तळाशी नुसतं तेल उरेपर्यंत शिजवतात. हा पदार्थ बहुधा अंगणात, दहा-वीस माणसांसाठी रांधला जातो. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर शेजारणीने आमच्यासाठी मांसाविना वेगळं पातेलं चढवलं. रास्ताफारी पंथातले अनेक लोक मांस खात नाहीत, त्यामुळे शाकाहाराचं तिथे कुणाला नवल वाटत नाही.

आणि जायफळ! ते इथल्या राष्ट्रध्वजावर आहे. मूळ इंडोनेशियाचं हे झाड १८४३ च्या सुमारास ग्रेनाडात आलं आणि पुढे इंडोनेशियानंतर जायफळाचं सर्वांत मोठं उत्पादन याच बेटावर होऊ लागलं. गुयाव्ह गावातल्या जुन्या लाकडी कारखान्यात आजही बायका जायफळं हाताने निवडतात आणि जायपत्री वेगळी करतात. फळाच्या गराचा मुरांबा होतो आणि टरफलं बागेतल्या वाटांवर पसरतात. अशा देशात श्रीखंडाला सुवास कमी कसा पडेल?

उन्हाळा, पावसाळा आणि वादळ

तिथे ऋतू दोनच. जानेवारी ते मे कोरडा आणि जून ते डिसेंबर पावसाचा. कोरड्या दिवसांत नळाचं पाणी वेळापत्रकाने येतं. मे २०२४ मध्ये दुष्काळामुळे पाणीटंचाई जाहीर करून वापरावर निर्बंध घालावे लागले होते. म्हणून घर भाड्याने घेताना समुद्र दिसतो का हे विचारण्याआधी पाण्याची टाकी केवढी आहे ते विचारावं. कॅरियाकूत तर घराच्या छपरावरचं पावसाचं पाणी खालच्या हौदात साठवूनच वर्ष काढतात.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. ग्रेनाडा वादळांच्या पट्ट्याच्या दक्षिण कडेला आहे. १९५५ च्या ‘जॅनेट’नंतर जवळजवळ पन्नास वर्षं मोठं वादळ न आल्याने लोक निर्धास्त होते. ७ सप्टेंबर २००४ रोजी ‘आयव्हन’ आलं. ३९ माणसं गेली, दहातल्या नऊ घरांचं नुकसान झालं आणि एकूण हानी देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीएवढी भरली. जायफळाच्या बहुतेक बागा झोपल्या. जायफळाचं झाड फळायलाच सहा-सात वर्षं लागतात आणि पूर्ण भरात यायला त्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे अनेक शेतकरी लवकर पीक देणाऱ्या कोकोकडे वळले. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ने कॅरियाकूवर घाला घातला, तेव्हा तिथली जवळपास प्रत्येक इमारत मोडली.

परदेशी जोडप्याने म्हणून मे महिन्यातच तयारी करावी: पासपोर्ट आणि पदव्यांची कागदपत्रं जलरोधक पिशवीत, आठवड्याचं कोरडं अन्न, भरलेला गॅस सिलिंडर, बॅटऱ्या, औषधं आणि हातात रोख पैसे. वीज गेली की कार्डं चालत नाहीत. गंभीर आजारात रुग्णाला त्रिनिदाद, बार्बाडोस किंवा अमेरिकेत हलवावं लागतं, तेव्हा त्या खर्चाचा विमा नोकरीच्या करारात आहे का, हे सही करण्याआधी तपासावं.

दुसऱ्या माणसाचं काय?

या सगळ्याहून अवघड प्रश्न घरातल्या दुसऱ्या माणसाचा असतो. कॅरिबियन समुदायाबाहेरच्या नागरिकाला ग्रेनाडात काम करायला परवाना लागतो आणि स्थानिक उमेदवार मिळत नसल्याचं दाखवल्याशिवाय तो सहसा मिळत नाही. जोडीदाराची नोकरी आहे म्हणून आपल्याला आपोआप हक्क मिळत नाही. लहान देशाने आपल्या तरुणांच्या नोकऱ्या जपाव्यात हे योग्यच आहे. पण त्याचा परिणाम घरात जाणवतो. एक जण दिवसभर माणसांत राहून थकून येतो, दुसऱ्याने सकाळपासून कुणाशी शब्दही बोललेला नसतो. माझ्या ओळखीतली काही जोडपी वर्षाच्या आत परतली. कारण पगार किंवा हवामान नव्हतं, हा एकटेपणा होता.

मला वाट सापडली ती मिनीबसमधून. काचेवर मार्गाचा क्रमांक असलेल्या या खासगी गाड्या बेटभर धावतात. उतरायचं असलं की पत्र्यावर टकटक करायची. आत चढताना सगळ्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणणं हा तिथला पक्का शिष्टाचार. दुकानात, बँकेत, दवाखान्यातही आधी अभिवादन, मग काम. ते केलं की माणसं आपली होतात. क्रिकेटचाही उपयोग होतो. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात अजित वाडेकरांच्या संघातून सुनील गावसकरांनी ७७४ धावा काढल्या आणि त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर यांनी त्यांच्यावर कॅलिप्सो गाणं रचलं. मी मुंबईची म्हटल्यावर म्हातारे लोक अजून गावसकरांचं नाव काढतात. अशाच ओळखीतून मी शाळा सुटल्यावर मुलांना वाचायला बसवण्याच्या कामात स्वयंसेवक म्हणून शिरले आणि बेट माझंही झालं.

१ मे

आपल्याआधीही भारतीय माणसं इथे आली होती. गुलामगिरी संपल्यावर ऊसमळ्यांना मजूर हवे होते. कलकत्त्याहून निघालेलं ‘मेडस्टोन’ जहाज १ मे १८५७ रोजी ग्रेनाडाच्या उत्तर किनाऱ्याला लागलं. मीरतच्या उठावाला तेव्हा नऊ दिवस उरले होते. पुढच्या काही दशकांत तीन हजारांहून अधिक गिरमिटिये आले. त्यांचे वंशज आज बहुतेक ख्रिस्ती आहेत आणि त्यांची भाषा मावळली. पण डाळ, रोटी, करी आणि काही आडनावं टिकली. २००९ पासून १ मे हा दिवस तिथे भारतीय आगमन दिन म्हणूनही पाळला जातो. तोच आपला महाराष्ट्र दिन. त्या दिवशी बेटावरच्या मराठी माणसाने आपला झेंडावंदनाचा कार्यक्रम करावाच, पण त्या वंशजांच्या कार्यक्रमालाही जावं. ते करारात बांधले जाऊन आले. आपण पगार, विमा आणि परतीचं तिकीट घेऊन येतो. हा फरक विसरता कामा नये.

कॅरिबियन बेटावर जायची संधी तुमच्या घरात कुणाला आली, तर जरूर जाऊ द्या. जाण्याआधी तीन गोष्टी मात्र ठरवून घ्या: विम्याचा करार, अमेरिकेचा व्हिसा आणि जोडीदाराच्या दिवसाला देता येईल असं काम. तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे. पहिल्या दोन कचेरीत ठरतात; ही तुम्हा दोघांनाच, घरातून निघण्याआधी ठरवावी लागते.