आईच्या ओव्या आणि घुमणारी खोली

भोपाळच्या दक्षिणेस, इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मंडीदीप हे कारखान्यांचे गाव आहे. येथे येऊन आम्हांस तीस वर्षे लोटली. मुलांना मराठी समजते, पण ती बोलतात हिंदीत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत आहेत आणि त्या कोठेही लिहून ठेवलेल्या नाहीत. तिचा दम पुरतो आहे तोवर त्या ध्वनिमुद्रित कराव्यात, असे ठरले.

मागची खोली रिकामी केली, मोबाईल मांडला, आई गायली. परंतु ऐकू गेलो तो शब्दच कळेनात! एका ओळीचा शेवट दुसरीच्या आरंभावर सांडत होता. दोष यंत्राचा नव्हता, खोलीचा होता.

हीच अडचण १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकापुढे आली होती. तेथील एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळे. सॅबिनने जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणवून मोजमापे घेतली व नियम काढला : खोलीचे घनफळ वाढेल तसा निनाद लांबतो, आवाज शोषणारे पृष्ठभाग वाढतील तसा तो आखडतो.

आमची खोली १२ फूट लांब, तितकीच रुंद आणि १० फूट उंच. गिलावा व फरशी आवाजाचा शेकडा तीनच्या आसपास भाग शोषतात असे धरले, तर निनाद तीन सेकंदांचा होतो. चार जाड गोधड्यांनी तो एका सेकंदाच्या आत येतो.

आईनेच जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या गोधड्या बाहेर काढल्या. त्या भिंतीस न चिकटविता चार बोटे अंतर सोडून दोरीवर टांगल्या. भिंतीलगत हवेची हालचाल जवळजवळ नसते. थोड्या अंतरावर ती वाढते आणि धाग्यांच्या घर्षणाने आवाज तेथे अधिक जिरतो. खालच्या स्वरांच्या लहरी काही मीटर लांब असल्याने त्यांना पातळ कापड पुरत नाही. म्हणून कोपऱ्यांत गाद्यांच्या वळकट्या उभ्या केल्या. मोबाईल आईपासून वीतभर अंतरावर ठेवला. अंतर निम्मे केले की थेट आवाज चौपट होतो, निनाद मात्र तेवढाच राहतो.

एक गोष्ट मात्र गोधडीच्या आवाक्याबाहेरची. ती आतला घुमारा जिरवते, बाहेरचा आवाज अडवीत नाही. त्यास जड भिंत आणि फटी बुजविलेले दार हवे. ते आमच्यापाशी नव्हते. म्हणून रात्री दोन गाड्यांमधला वेळ साधला.

तरीही एका ओवीच्या मध्यावर मालगाडी आलीच. आईला ती पुन्हा म्हणावयास सांगितले, तर पुढचे चरण तिला आठवेनात. ती ओवी आम्ही मालगाडीसकट जपून ठेवली आहे.