डेटाबेसची मोफत आवृत्ती : विकसन आणि प्रत्यक्ष वापर

डेटाबेसची मोफत आवृत्ती म्हणजे डेटाबेस व्यवस्थापन प्रणालीची विनामूल्य मिळणारी आवृत्ती होय. मराठीत 'एडिशन' आणि 'व्हर्जन' या दोहोंना आवृत्ती म्हणण्याचा प्रघात असल्याने घोटाळा होतो. येथे पहिला अर्थ अभिप्रेत आहे. प्रणाली तयार करून तपासणे म्हणजे विकसन, तर तिच्यात खऱ्या नोंदी ठेवून रोजचा कारभार चालविणे म्हणजे प्रत्यक्ष वापर.

परवाना

मोफत असणे आणि प्रत्यक्ष वापरास मुभा असणे या भिन्न गोष्टी आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची 'डेव्हलपर' आवृत्ती २०१६ पासून विनामूल्य आहे. तिच्यात महागड्या 'एंटरप्राइज' आवृत्तीच्या सर्व सोयी आहेत, पण प्रत्यक्ष वापरास परवाना मनाई करतो. त्याच कंपनीची 'एक्सप्रेस' आवृत्ती प्रत्यक्ष कारभारासाठीही मोफत आहे. मात्र तिला मर्यादा आहेत. २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसचा आकार १० जीबीपेक्षा वाढू शकत नाही. ओरॅकलच्या २०२३ मध्ये आलेल्या मोफत आवृत्तीत वापरकर्त्याच्या विदेस १२ जीबी, तर स्मृतीस २ जीबी मर्यादा आहे. पोस्टग्रेएसक्यूएल हे मुक्त स्रोत असल्याने त्यात असा भेदच नाही.

ग्रामीण संस्थांमधील प्रश्न

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील एखादी शाळा, पतसंस्था किंवा सार्वजनिक वाचनालय उदाहरणादाखल घेता येईल. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, तर यूटीएफ-१६ मध्ये २ बाइट घेते. तरीही शाळेच्या जनरल रजिस्टरमधील एका विद्यार्थ्याची नोंद २ केबी धरली, तर १० जीबीत सुमारे ५० लाख नोंदी मावतात. म्हणजे मजकुराने ही मर्यादा गाठणे जवळजवळ अशक्य. छायाचित्रे आणि स्कॅन केलेले दाखले मात्र तिला लवकर भिडतात : २०० केबीची सुमारे ५० हजार चित्रे पुरेशी होतात. मर्यादा गाठल्यावर जुन्या नोंदी वाचता येतात, पण नवी नोंद नाकारली जाते. म्हणून चित्रे स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवून डेटाबेसमध्ये केवळ त्यांचा पत्ता नोंदविणे श्रेयस्कर.

याहून गंभीर अडचण बॅकअपची आहे. ठरावीक वेळी कामे करणारी 'एजंट' ही सेवा डेव्हलपर आवृत्तीत असते, एक्सप्रेसमध्ये नसते. विकसकाने आपल्या संगणकावर रात्रीचा बॅकअप तिच्यावर सोपविला आणि संस्थेत एक्सप्रेस बसविली, तर बॅकअप निघतच नाही. रोजचे काम सुरळीत चालत असल्याने कोणाच्या ध्यानातही येत नाही. पतसंस्थेत सभासदांच्या ठेवींचा हिशेब अशा एकाच डिस्कवर राहतो. मुरबाड तालुक्यात अद्याप रेल्वे नाही; कल्याणहून तंत्रज्ञ रस्त्याने येईपर्यंत व्यवहार खोळंबतात. विंडोजच्या टास्क शेड्यूलरद्वारे बॅकअप घेऊन तो वेगळ्या डिस्कवर ठेवणे, आणि त्यातून नोंदी परत मिळतात का हे अधूनमधून पाहणे, हा त्यावरील उपाय. दुसरी पायरी बहुधा टाळली जाते.

वाचनालयांपुढे आणखी पर्याय आहेत. न्यूझीलंडमध्ये २००० साली कार्यान्वित झालेली 'कोहा' ही मुक्त स्रोत ग्रंथालय प्रणाली मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीवर चालते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'ई-ग्रंथालय'ने आपल्या ४.० या रूपात पोस्टग्रेएसक्यूएलचा अवलंब केला आहे.