छंद इंजिनाचा, काळजी डोळ्यांची

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी आपल्या ठाण्यातच आली. वाफेच्या इंजिनाचे वेड इथे जुनेच!

टेंभी नाक्यावरच्या माझ्या दवाखान्यात मध्यंतरी असेच एक छंदिष्ट काका आले. घरच्या लेथवर छोट्या इंजिनाचा पिस्टन कातताना लोखंडाचा कण डोळ्यात उडाला. त्यांनी डोळा चोळला. बुबुळावर ओरखडा उठला.

असा कण राहिला तर गंजतो व बुबुळावर गंजाचे कडे उमटते. म्हणून चोळू नका. स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. खुपतच राहिले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. वेगाने आत घुसलेला कण फारसा दुखतही नाही. नजर अंधुक झाली तर डोळा न दाबता तडक इस्पितळ गाठा.

साधा चष्मा पुरत नाही, बाजूंनी बंद गॉगल घाला. पिस्टन दुसरा कातता येतो!