हडसनचा पश्चिम काठ

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनसमोर, हडसन नदीच्या पलीकडे न्यू जर्सी राज्यातली हडसन काउंटी आहे. क्षेत्रफळ जेमतेम १२० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याहूनही लहान. २०२० च्या जनगणनेत तिथे ७,२४,८५४ माणसे मोजली गेली.

हा आलेख मात्र सरळ चढत गेलेला नाही. १९३० मध्ये लोकसंख्या ६.९ लाख होती, १९८० पर्यंत ती ५.६ लाखांवर घसरली. एकेकाळी देशभरातून येणारे रेल्वेमार्ग याच काठावर संपत आणि पुढे माणसे नि माल बोटींतून मॅनहॅटनला जाई. मग मालवाहतूक ट्रकांकडे वळली, कंटेनरची जहाजे नुअर्क-एलिझाबेथच्या धक्क्यांना लागू लागली, रेल्वे कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या. जर्सी सिटीतला कोलगेटचा साबण-टूथपेस्टचा कारखानाही १९८० च्या दशकात बंद पडला. त्याचे अवाढव्य घड्याळ अजून नदीकाठी उभे आहे.

काउंटीला तारले ते नदीखालच्या रेल्वेने. १९०८ पासून धावणारी ही गाडी, आजची ‘पाथ’, काही मिनिटांत मॅनहॅटनला पोचवते. त्यामुळे रिकाम्या रेल्वे यार्डांवर आणि बंद कारखान्यांच्या जागांवर बँकांची कार्यालये आली. गोल्डमन सॅक्सचा ४२ मजली मनोरा त्यांतलाच.

पण काउंटीचा खरा जीव स्थलांतरितांत आहे. दर दहांपैकी चौघांहून अधिक रहिवासी परदेशात जन्मलेले. युनियन सिटीत क्युबन कुटुंबे स्थिरावली, जर्सी सिटीच्या नुअर्क अव्हेन्यूवर भारतीय किराणा, मिठाई आणि साड्यांची दुकाने उभी राहिली. काठावरच्या उंच इमारतींबरोबर घरभाडी चढत गेली, आणि त्याची झळ आधी याच जुन्या वस्त्यांना बसते.