हजेरीपत्रक चव्हाट्यावर

सार्वजनिक पैशाचा हिशेब कोणी तपासावा, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे, की त्यासाठी सरकारने लेखापरीक्षक नेमलेले आहेत. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. लेखापरीक्षक बहुधा कागदाशी कागद ताडून पाहतो. हजेरीपत्रकावर अंगठा आहे, पावतीवर सही आहे, बेरीज जुळते आहे. मग हिशेब चोख ठरतो. पण ज्याचा अंगठा दाखवला तो मनुष्य त्या दिवशी कामावर होता काय, हे त्याच्या शेजाऱ्यालाच ठाऊक असते. गरिबांसाठी काढलेल्या योजनांतील पैसा नेमका या फटीतून गळतो.

ही फट बुजविण्याची युक्ती राजस्थानातील मजुरांनी दाखवून दिली. अरुणा रॉय, निखिल डे व शंकर सिंह यांच्या पुढाकाराने १९९० साली 'मजदूर किसान शक्ती संघटना' स्थापन झाली. सरकारी कामांवर किमान दरापेक्षा कमी मजुरी हाती पडे. कारण विचारावे, तर नोंदीकडे बोट दाखविले जाई. नोंद पाहू म्हणावे, तर ती गुप्त ठरे. तेव्हा डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे संघटनेने पहिली जनसुनावणी भरविली. पद्धत अगदी साधी होती. मिळालेली कागदपत्रे भर सभेत मोठ्याने वाचावयाची, आणि ज्यांची नावे त्यांत आहेत त्यांनी उठून खरेखोटे सांगावयाचे. अशा सभांतून कामावर न गेलेल्यांच्या हजेऱ्या आणि अपुऱ्या बांधकामांचे पूर्णत्वाचे दाखले उघडकीस आले. निरक्षर मजूरही येथे परीक्षक झाला!

यातूनच माहितीच्या अधिकाराची मागणी बळावली. १९९६ साली ब्यावर येथे ४० दिवस धरणे झाले. १२ ऑक्टोबर २००५ पासून कायदा अमलात आला. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ सालीच केला होता. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने मात्र ग्रामसभेने कामांचे सामाजिक अंकेक्षण करावे, असे कलमच घातले.

शहरवासीयांना वाटेल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध रेशनच्या दुकानापाशी आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दुकानांचे सामाजिक अंकेक्षण व दक्षता समित्या यांची तरतूद आहे. माहितीच्या अर्जात 'धान्य कोठे जाते?' असे मोघम विचारू नये. अमुक दुकानास अमुक महिन्यात किती धान्य पोहोचले आणि कोणत्या कार्डावर किती वाटले, त्या नोंदीची प्रत मागावी. अर्जाचे शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही नाही. उत्तर ३० दिवसांत मिळावयास हवे. न मिळाल्यास अपील करता येते. प्रत हाती आली की ती कपाटात ठेवू नये. वस्तीत नेऊन वाचावी.

मात्र एक गोष्ट विसरू नये. कागद वाचला म्हणजे धान्य परत आले, असे होत नाही. शिवाय दुकानदाराविरुद्ध बोलणाऱ्या बाईला पुढच्या महिन्यात त्याच दुकानाच्या रांगेत उभे राहावयाचे असते. म्हणून तिची साक्ष एकटी पडू देता कामा नये. तक्रार लेखी नोंदविणे, पोच घेणे आणि निकाल लागेपर्यंत पाठपुरावा करणे, हे काम ज्याला त्या रांगेत उभे राहावे लागत नाही अशा सुशिक्षित नागरिकाने अंगावर घ्यावे. गरिबाने खरे सांगावे आणि इतरांनी त्या खऱ्याची पाठराखण करावी, तरच हिशेब पुरा होतो.